तेलाच्या नळावरची किल्ली

मी, खाली सही करणारी, मोटारसायकलींचं तेल आणि फिल्टर विकण्यात उभा जन्म घालवलेली, आता दुकान बंद करून त्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहणारी, आज राजीखुशीने, कोणाच्या धाकाने किंवा कोणी भरीस घातलं म्हणून नव्हे, हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. हात माझा आहे, अक्षर माझं आहे आणि समज शाबूत आहे.

शेवटच्या तीन शब्दांवर वकीलसाहेबांचा फार जोर. "ताई, ते स्पष्ट लिहा. सगळा कागद त्याच्यावर उभा असतो." त्यांनी अगदी सहज सांगितलं, रोज कोणाला ना कोणाला सांगत असतील. मी मात्र हातातलं पेन खाली ठेवलं. ते तीन शब्द आज मला खरेपणाने लिहिता येतात. पुढच्या वर्षी येतील का, असं डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोक्याचे फोटो काढवले, नाना तऱ्हेचे प्रश्न विचारले आणि आडपडदा न ठेवता सांगितलं की विसरण्याचा आजार सुरू झाला आहे. "अजून तुमचं तुम्हाला सगळं कळतंय. जे ठरवायचं ते आत्ता ठरवून टाका." आत्ता या शब्दाला मी याआधी कधी भ्यायले नव्हते. दिवसातून कितीतरी वेळा छातीत धस्स होतं. चहाचं आधण ठेवलं की धस्स, जिना उतरले की धस्स. तरी बरं, भीती वाटते तरी आहे. ज्या दिवशी ती वाटेनाशी होईल त्या दिवशी मी निर्धास्त असेन, आणि घाबरायची पाळी बाकीच्यांची.

तेव्हा अट पहिली: हे मृत्युपत्र मी गेल्यावर कपाटातून काढून वाचायचे नाही. आज, सह्या होण्याआधी, माझ्या मागच्या खोलीत, सगळ्यांसमोर मीच वाचून दाखवणार आहे. वकीलसाहेब म्हणाले, असं कोणी करत नाही. नसेल करत.

कलम एक. घर

वरचे राहते घर, खालचे दुकान आणि अंगणाकडची मागची खोली ही मिळकत मला वडिलांकडून आली असून तिच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. माझ्या पश्चात ती यांच्याकडे राहावी व यांच्यानंतर लेकीकडे जावी. खालचे दुकान सध्या चष्मेवाल्यांकडे भाड्याने आहे, ते त्यांना हवे तोवर राहू द्यावे. माणूस सज्जन आहे. फक्त दर वेळी माझ्या चष्म्याची काडी हलवून "ढिली झालीय हं" म्हणतो, ती ढिली त्याच्या हलवण्याने होते.

हे म्हणजे माझे पती, शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले. सगळ्यांची पूर्ण नावं वकीलसाहेबांनी शेवटच्या पानावर टाइप करून जोडली आहेत. मी इथे ज्याला जशी हाक मारते तसंच लिहिणार. नावं आधी निसटतात, हाका मागे राहतात, असा माझा अंदाज आहे. म्हणून भिस्त हाकांवर.

कलम दोन. शिल्लक

बँकेत जे काही असेल ते आधी माझ्याच देखभालीवर खर्च व्हावे, उरले तर यांचे. मला सांभाळायला पगारी बाई ठेवावी. यांनी एकट्याने सांभाळायचा पराक्रम करू नये. या गृहस्थांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत. मी हरवले तर कुठे शोधतील? आणि अहो, ती बाई ठेवलीत म्हणून मनाला लावून घेऊ नका. हे माझं सांगणं आहे, वर सहीसुद्धा असेल.

कलम तीन. धाकटा भाऊ व भावजय

भावावर माझा जीव आहे, हे आधी लिहिते. पुढचं वाचून कोणाला शंका येईल.

आमच्या मोटारसायकलीच्या तेलाला जो फिल्टर लागतो तो नमद्याचा असतो, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाची नळी. असे फिल्टर बाजारातून केव्हाच गेले. मी ते जपून एका खोक्यात ठेवले होते. दुकान आवरताना ते खोकं भावाच्या घरी ठेवलं. आमच्या भावजयीने ते उघडलं, नमदा बघितला, कात्री घेतली आणि जेवणाच्या टेबलाच्या नि खुर्च्यांच्या पायांखाली गोल गोल तुकडे कापून चिकटवले! "वन्सं, खुर्ची सरकवताना आता मुळीच आवाज होत नाही बघा," असं मलाच कौतुकाने सांगितलं. मी त्या खुर्चीवर बसून तोंड दाबून बुक्क्यांचा मार सहन केला. त्या घरी मी नंतर जेव्हा जेव्हा जेवले, उभ्या आयुष्याच्या फिल्टरवर बसून जेवले.

तर, भावाला माझ्याकडून वडिलांचे मनगटी घड्याळ द्यावे. भावजयीला माझे शिवणयंत्र द्यावे, कारण ती शिवते छान. कात्री मात्र लेकीकडे राहील.

कलम चार. आक्का

एका सिलिंडरची काळी मोटारसायकल, माझ्यापेक्षा वयाने मोठी, म्हणून घरात तिचं नाव आक्का. टाकीवरचा सोनेरी पट्टा वडिलांच्या गुडघ्याने घासून गेला आहे आणि त्यांच्यानंतर उरलेला माझ्या गुडघ्याने. ती मी लेकीला देत आहे. कधीपासून, ते कलम सातमध्ये येईल. हीच या कागदातली खरी गोष्ट आहे, बाकीचं सगळं मी धीर गोळा करायला आधी लिहिलं.

लेक पाणीपुरवठ्याच्या पंपघरात पंपांची देखभाल करते. यंत्राच्या नुसत्या आवाजावरून तिला त्याचं पोट दुखतंय की डोकं ते कळतं. तिच्या हातात आक्का द्यायला मला कसली भीती नाही. भीती आहे ती माझ्या हाताची.

कलम पाच. तेल

दुकानात येणारं दर दुसरं गिऱ्हाईक विचारायचं, "सगळ्यात भारी कुठलं?" मी म्हणायची, "कोणासाठी?" डब्यावरचे चित्र पाहून तेल घेऊ नये. डब्यावर धावती गाडी काढलेली असते, आतलं इंजिन काढलेलं नसतं.

आक्काला वडिलांपासून साधं, एकेरी घट्टपणाचं तेल चालत आलं: उन्हाळ्यात चाळीस नंबर, थंडीत तीस. नव्या तेलांमध्ये घाण धुऊन काढणारी द्रव्यं असतात. नव्या इंजिनाला ती अमृत. पण आक्काच्या क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, पोटात एक पोकळी आहे, तिथे इतक्या वर्षांचा गाळ घट्ट बसलेला आहे. धुणारं तेल घातलं की तो गाळ सुटणार, बारीक वाटांमध्ये जाऊन अडकणार आणि तेल जिथे पोचायला हवं तिथे पोचणार नाही. चांगल्या मनाने भारीतलं तेल घालून म्हातारी इंजिनं मारलेली माणसं मी काउंटरवर रडताना पाहिली आहेत.

यावरून लेकीचं आणि माझं कायम वाजायचं. ती म्हणायची, "आई, इंजिन एकदा उघडू, तो गाळ काढू, मग चांगलं तेल घालू, बाहेरून कागदाचा फिल्टर लावू. जग कुठल्या कुठे गेलं आणि तू अजून त्याच डब्यात!" मी म्हणायची, "आत जे बसलंय ते बसू दे. चालतंय ना? मग कशाला हात दाखवून अवलक्षण?"

आता लिहून देते: लेकीचं बरोबर होतं. मला तेलाची काळजी कमी होती आणि उघडून बघायची भीती जास्त. डोक्याचे फोटो काढायलाही मी असेच आढेवेढे घेतले होते. चालतंय ना, म्हणत होते.

म्हणून, आक्काचे इंजिन उघडावे. क्रँकमधला गाळ पूर्ण काढावा, तेलाची प्रत्येक वाट हवा मारून बघावी, आणि मगच नवे तेल घालावे. एकदा नव्यावर गेल्यावर पुन्हा जुन्यावर येऊ नये व दोन्हींची भेसळ करू नये. मोटारीसाठीचं निसरडं तेल क्लचच्या बाजूला घालू नये, क्लच घसरतो. आणि बाई माझे, तेल बदलल्यावर प्लग काढून सावकाश किक मारत राहा, तेल परत तेलाच्या टाकीत येताना डोळ्यांनी दिसेपर्यंत. दिसल्याशिवाय सुरू करायची नाही. पंपघरात काय करता ते मला सांगू नकोस.

कलम सहा. फिल्टर

खोक्याचा तो प्रकार झाल्यावर फिल्टर मी घरीच शिवू लागले. जुन्या जाड कोटाचा नमदा, मेण लावलेला दोरा, आत तारेची जाळी. शिवण नेहमी बाहेरच्या अंगाला यायला हवी. तेल बाहेरून आत गाळलं जातं. शिवणीचे सुटे तंतू बाहेर राहिले तर बिघडत नाही, आत राहिले तर ते तेलाबरोबर थेट इंजिनात जातात. धुताना रॉकेलमध्ये धुवावा, पिळू नये, सावलीत वाळवावा. बसवताना स्प्रिंग आणि खालची चकती विसरू नये.

मागल्या हिवाळ्यात मी बसवलेला फिल्टर काढला तर शिवण आतल्या अंगाला. दुसऱ्या कोणी शिवला असता तर मी त्याचा उद्धार केला असता. पण दोरा माझा, गाठ माझी. मी तो शेगडीत टाकला आणि यांना सांगितलं की खराब झाला होता. उजेड कमी असेल, म्हटलं. चष्मा ढिला असेल. मन किती वकील लावतं स्वतःसाठी!

कलम सात. नळ व किल्ली

आक्काचं तेल इंजिनात नसतं, वेगळ्या टाकीत असतं. गाडी नुसती उभी राहिली की ते तेल हळूहळू झिरपत इंजिनाच्या पोटात उतरतं. मग टाकी रिकामी दिसते, न कळणारा माणूस वरून आणखी ओततो आणि सुरू केल्यावर धुराचा डोंगर. म्हणून वडिलांनी टाकीच्या नळीवर एक नळ बसवला. दुकानात त्याला कॉक म्हणतात, आमच्या घरात नळच. गाडी उभी केली की नळ बंद, चालवायची असली की उघडा.

यात एकच धोका आहे आणि तो जीवघेणा आहे. नळ उघडायला विसरलं तर इंजिन तेलाशिवाय पळतं, थोड्या अंतरावर जाम होतं, मागचं चाक जागच्या जागी अडकतं आणि माणूस फेकला जातो. म्हणून वडिलांनी युक्ती केली. नळाचा दांडा आडवा, म्हणजे बंद, असला की किल्लीची कडी त्याच्यात अडकून राहते. दांडा उभा केल्याखेरीज किल्ली निघतच नाही. गाडीची किल्ली एकच. दुसरी त्यांनी कधी केली नाही, मीही केली नाही.

शिवाय त्यांचा नियम होता. किक मारायच्या आधी चालवणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, "नळ उघडा." मागे बसणाऱ्याने वाकून बघायचं आणि म्हणायचं, "पाहिला." एकटं असलं तर दोन्ही आपणच म्हणायचं. लग्नानंतर पहिल्यांदा हे मागे बसले तेव्हा न वाकताच "पाहिला" म्हणाले. मी यांना खाली उतरवलं. नव्या नवरदेवाला भर रस्त्यात गुडघ्यावर बसवून नळ बघायला लावला. येणारेजाणारे हसत होते. हे म्हणाले, "सासऱ्यांनी हुंडा दिला नाही, परीक्षा मात्र ठेवली."

आता जे लिहिते ते यांनाही आज, वाचतानाच कळेल. अहो, बसून ऐका.

फुलं आलेल्या झाडांच्या रस्त्याने आपण पुलापर्यंत गेलो तो दिवस आठवतो? निघताना मी "नळ उघडा" म्हणाले, तुम्ही "पाहिला" म्हणालात. चढावर आक्काचा आवाज बदलला. कोरडा झाला. घशात घास अडकल्यावर माणसाचा होतो ना, तसा. मला काही कळायच्या आत माझ्या डाव्या हाताने क्लच दाबला. डोक्याने नाही, हाताने. त्या हाताला सगळं आठवत होतं. आपण घरंगळत कडेला थांबलो आणि इंजिन जाम झालं. एक क्षण उशीर झाला असता तर मागचं चाक अडकलं असतं, आणि समोरून ट्रक येत होता. तुम्ही विचारलंत, "काय गं, काय झालं?" मी म्हणाले, "पेट्रोलात कचरा असेल." तुम्ही कठड्यावर बसून चष्मा पुसायला लागलात.

मी वाकले. नळाचा दांडा आडवा होता. बंद. त्याच्यात वडिलांची किल्ली तशीच अडकलेली होती. आणि वर, गाडीच्या कुलपात, दुसरी किल्ली होती. नवी, चकचकीत.

आक्काला दुसरी किल्ली नाही. मग ही कुठली? मी ती माझ्या हातांनी लावली होती, माझ्याच खिशातून काढून. मला भुताची भीती कधी वाटली नाही, पण त्या रस्त्याच्या कडेला मला वाटलं की कोणीतरी दुसरी बाई माझे कपडे घालून, माझे हात घेऊन माझ्या घरात वावरते आहे.

इंजिन गार झाल्यावर मोकळं झालं, नळ उघडून मी आक्का सावकाश घरी आणली, आणि मग चौकातल्या किल्लीवाल्याकडे गेले. तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, "काय ताई, पुन्हा हरवली की काय?"

"पुन्हा म्हणजे?"

"अहो, तुम्हीच नाही का गाडी ढकलत आणलीत? वडिलांची किल्ली हरवली म्हणून रडवेल्या झाला होतात. मग मी कुलपावरून नवी घडवून दिली."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो लोकांच्या थट्टेचा विषय असतो. वडिलांची किल्ली अख्खा वेळ माझ्या गुडघ्यापाशी, नळावर लटकत होती. आणि मी गाडी ढकलत चौकात नेली, रडले, किल्ली करून घेतली, परत आले. त्यातलं मला काहीच आठवत नाही. गावातल्या किल्लीवाल्याला माझी ती दुपार माहीत आहे, मला नाही. त्यानंतरच मी डॉक्टरीणबाईंकडे गेले.

आणि अहो, तुम्हाला दोष नाही. तुम्ही वाकला नव्हतात हे मला माहीत आहे. कित्येक वर्षांत वाकला नाहीत. तुम्ही जन्मभर नळाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त पाहिलंत. एरवी याला मी प्रेम म्हटलं असतं. पण यापुढे माझ्याकडे बघून "पाहिला" म्हणू नका. माझ्याकडे बघून काही कळायचं नाही आता.

त्या प्रकारानंतर माझी पाचावर धारण बसली. भावाच्या ओळखीच्या हॉटेलवाल्याला आक्का दर्शनी दालनात काचेत ठेवायला हवी होती, त्यासाठी भावाचा तगादा कधीचा होता. "तेल काढूनच ठेवतात गं ताई, तेलाची कटकटच मिटली!" मी इतकी वर्षं त्याला हाकलून लावलं होतं. आता मीच फोन करून म्हणाले, "ने बाबा." दुसऱ्याच दिवशी भाऊ टेम्पो घेऊन हजर. फळी लावली, दोर आणले. तेवढ्यात लेक पंपघरातून आली. तिने टेम्पो बघितला, मला बघितलं, फळीवर पाय ठेवला आणि म्हणाली, "मामा, आक्का आजारी नाहीये."

भावाने दोर गुंडाळले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला, धाकटा असून. म्हणून त्याला घड्याळ.

तेव्हा आता ऐका. आक्का व तिची किल्ली मी लेकीला देत आहे, माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आज. वकीलसाहेबांनी हरकत घेतली: "ताई, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं." मी म्हणाले, "मी जाणारच आहे, साहेब. देह तेवढा मागे राहील." मग त्यांनी आक्कासाठी वेगळं बक्षीसपत्र करून त्याची प्रत याला जोडली. कायद्याने ते पुरेसं आहे. मला मात्र हे इथेही, माझ्या अक्षरात हवं.

कलम आठ. पुढच्या मला

हे कलम सगळ्यांवर बंधनकारक आहे, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर.

एक दिवस मी किल्ली मागेन. देऊ नका. मी गोड बोलेन, मग रागावेन, मग वडिलांची शपथ घालेन. मी फार भांडकुदळ आहे, ते तुम्हाला ठाऊक आहेच; तेव्हा तर मला लाजही राहिलेली नसेल. "माझी गाडी, माझी किल्ली, तुम्ही कोण?" असं मी तुम्हाला विचारेन, आणि कदाचित खरंच विचारत असेन. तरी देऊ नका. मला भीती मरणाची नाही. मी यांना मागे बसवून, हसत हसत, नळ बंद ठेवून निघेन, याची आहे. ती बाई निघेल तेव्हा घाबरायला मी तिथे नसेन. म्हणून आज इथे बसून तिच्या वाट्याचं सगळं मी घाबरून घेते आहे.

किल्लीवाल्याला माझी विनंती की त्याने मला पुन्हा कोणतीही किल्ली करून देऊ नये. त्याने हो म्हटलं आहे. तो डोळे पुसत होता, मी म्हणाले, "धूळ फार आहे रे तुझ्याकडे."

ती दुसरी, चकचकीत किल्ली मात्र टाकू नका. किल्लीवाल्याने माझ्या समोर तिचे दात घासून गुळगुळीत केले आहेत. ती आता कोणत्याही कुलपात फिरत नाही. मी फार हट्ट धरला तर ती माझ्या हातात द्या. खिशात किल्ली आहे म्हटलं की माणूस शांत होतो. पुढच्या मला फसवायची ही परवानगी मी तुम्हाला आज, शुद्धीत असताना देते. मागाहून मनाला खात बसू नका.

आणि लेकी, शेवटचं. एक दिवस तू समोर येशील आणि मी तुला "कोण पाहिजे?" असं विचारेन. तेव्हा "आई, मी गं, ओळखलं नाहीस?" असं म्हणू नकोस. मला त्या प्रश्नाची आत्तापासूनच धडकी भरते. तू नुसती या मागच्या खोलीच्या दारात उभी राहा आणि म्हण, "नळ उघडा."

मी "पाहिला" म्हणाले तर समज की अजून आहे मी कुठेतरी आत. माझ्याजवळ येऊन बस.

नाही म्हणाले, तर तूच वाकून बघ, आणि तूच म्हण. एकटं असलं की दोन्ही आपणच म्हणायचं असतं, मोठ्याने. हे तुझ्या आजोबांनी मला शिकवलं. त्यानंतर मला काही विचारू नकोस, पण जाऊही नकोस लगेच.

वर लिहिलेलं सगळं मी स्वतः लिहिलं, स्वतः वाचून दाखवलं, आणि ते तसंच व्हावं ही माझी इच्छा आहे. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असेल आणि मला आठवत नसेल, तर ते रद्द समजावे. हे वाक्य वकीलसाहेबांनी घालायला सांगितलं. पूर्वी मी त्याला हसले असते.

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली, आक्कासमोर
दिनांक: सोमवार, ९ मार्च २०२६. वार आणि तारीख मी कोणाला न विचारता घातली आहे.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिला: खालच्या दुकानातले चष्मेवाले. ताईंनी आमच्या समोर सही केली. आज चष्मा ढिला नव्हता.

साक्षीदार दुसरी: डॉक्टरीणबाई. सही करतेवेळी लिहून ठेवणाऱ्या पूर्ण समजेत होत्या, असे मी तपासून लिहीत आहे. तारीख आणि वार दोन्ही बरोबर आहेत.

पोच, लेकीच्या हातची: आज सर्वांसमोर किल्ली घेतली. आई म्हणाली, "नळ उघडा." बाबा माझ्या आधी गुडघ्यावर बसले, मग मी. दांडा आडवा होता, नळ बंदच होता. दोघांनी मिळून उभा केला, तेव्हा किल्ली निघाली. मग आम्ही दोघंही म्हणालो: पाहिला.